बारा वर्षं चुकीची शिकवलेली मेणबत्ती

बशीत पाणी, मधोमध पेटवलेली मेणबत्ती, वरून काचेचा ग्लास उपडा. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात चढतं. हा डेमो मी वर्गात किती वेळा केलाय त्याचा हिशोबच नाही, आणि दरवेळी फळ्यावर तेच लिहिलंय की जळताना ऑक्सिजन संपला, हवेत तो साधारण २१ टक्के असतो, म्हणून पाणी एक पंचमांश चढलं. पोरांनी उतरवून घेतलं, परीक्षेत लिहिलं, मी मार्क दिले, सगळे खूश. मग एका सुट्टीत तीन दिवसांच्या सायन्स वर्कशॉपला गेले आणि पहिल्याच तासाला बारा वर्षांचं शिकवणं अक्षरशः पाण्यात गेलं.

वर्कशॉपमध्ये निम्मे शिक्षक आणि निम्मे होमस्कूलवाले, म्हणजे मुलांना शाळेऐवजी घरीच शिकवणारे आईबाबा. मी मनात म्हटलं, झालं, आता या लोकांना सगळं पहिल्यापासून सांगत बसणार आणि आपला वेळ जाणार. (हो, असं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.) चार-चार जणांचे गट केले, बशी-ग्लास-मेणबत्त्या दिल्या, आणि सरांनी काहीही न समजावता एवढंच सांगितलं की आधी एक मेणबत्ती लावा, मग दोन, मग तीन, पण दरवेळी पाणी किती चढेल ते आधी कागदावर लिहा. मी ऐटीत तिन्हीपुढे "१/५" लिहिलं. ऑक्सिजन तेवढाच आहे ना ग्लासात, मेणबत्त्या कितीही लावा!

तीन मेणबत्त्यांना पाणी कितीतरी जास्त चढलं.

मी म्हटलं ग्लास नीट बसला नसेल. परत केलं. परत तेच. तेवढ्यात गटातल्या एक ताई, दोन मुलांना घरीच शिकवणाऱ्या, बशीपर्यंत नाक नेऊन बघत होत्या, त्या म्हणाल्या, "अहो मॅडम, हे कडेने बुडबुडे कसले निघतायत?" मी बघितलं तर खरंच, ग्लास टेकवल्या टेकवल्या काठाखालून बुडबुडे बाहेर. बारा वर्षांत मला ते दिसले नव्हते, कारण वर्गात मी टेबलामागे उभी राहून पोरांकडे बघत असते, कोण बोलतंय, कोण मागे खिदळतंय, ग्लासाकडे बघतं कोण! आणि दुसरी गोष्ट, मेणबत्ती जळत असताना पाणी फारसं चढतच नव्हतं, ती विझली की मग एकदम सर्रकन वर. ऑक्सिजन संपत जातो म्हणून पाणी चढत असतं तर ज्योत जळत असतानाच हळूहळू चढायला हवं होतं ना?

तर भानगड अशी आहे की ज्योतीवर ग्लास धरताना आतली हवा तापून फुगते, थोडी बाहेर निसटते (तेच बुडबुडे), ज्योत विझल्यावर उरलेली हवा गार होऊन आक्रसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. मेणबत्त्या जास्त तर उष्णता जास्त, पाणीही जास्त. ऑक्सिजन वापरला जातो, वाफेचं पाणी होतं, त्यांचाही थोडा वाटा आहेच, पण ऑक्सिजनच्या जागी कार्बन डायऑक्साइडही तयार होतोच की. आणि ऑक्सिजन संपतसुद्धा नाही, साधारण १६ टक्क्यांवर आला की मेणबत्ती मान टाकते. म्हणजे ते "एक पंचमांश" निव्वळ योगायोगाने जमणारं उत्तर. आणि ते मी शिकवत होते!

एवढं सविस्तर सांगायचं कारण म्हणजे मला बरेच जण विचारतात की शिक्षकांसाठी, होमस्कूल करणाऱ्यांसाठी चांगलं प्रॅक्टिकल सायन्स कुठे मिळतं. माझी आता एकच कसोटी आहे. तिथे मोठ्यांचे हात ओले होतात का, आणि मोठे चुकतात का? जिथे आपल्याला खुर्चीत बसवून स्लाइड दाखवतात आणि जाताना फाइल हातात देतात, तिथे मी आता जात नाही. फाइल माझ्याकडे कपाटभर आहेत.

ही पद्धत काही कोणा एकाची नाही. सॅन फ्रान्सिस्कोचं एक्सप्लोरेटोरियम म्हणून म्युझियम आहे, १९६९ साली फ्रँक ओपनहायमरनी सुरू केलं (अणुबॉम्बवाल्या रॉबर्टचे धाकटे भाऊ). हे स्वतः फिजिसिस्ट, पण राजकीय कारणांनी विद्यापीठाची दारं बंद झाली तेव्हा गुरं पाळली आणि नंतर एका छोट्या गावातल्या शाळेत सायन्स शिकवलं. त्या म्युझियममधली मोठाली मॉडेल्स शिक्षकांना टेबलावर छोटी करून बनवता यावीत म्हणून त्यांनी 'सायन्स स्नॅक्स' नावाने कृती वेबसाइटवर फुकट ठेवल्यात. मी त्यातल्या बऱ्याच केल्यात. काही पहिल्या फटक्यात जमत नाहीत, आणि ते चांगलंच आहे.

माझ्या मते जवळपासच्या कुठल्याही म्युझियम, बोटॅनिकल गार्डन, तारांगण, कॉलेजच्या लॅबला असं काही करायला मिळेल का ते विचारावं. होमस्कूलवाल्यांची एक तक्रार मात्र अगदी रास्त आहे, फॉर्ममध्ये "शाळेचं नाव" हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. आमच्या त्या ताईंना एका ठिकाणी "फक्त शिक्षकांसाठी" म्हणून परत पाठवलं होतं, आता दिवसभर घरी शिकवणारी बाई शिक्षक नाही तर कोण? पण त्यांनीच शिकवलेली युक्ती सांगते, फॉर्मच्या नादी लागायचं नाही, सरळ मेल करायचा की आम्ही इतकी कुटुंबं आहोत, मुलं या-या वयाची, आठवड्यातल्या कुठल्याही दिवशी सकाळी येऊ शकतो. म्युझियम शनिवार-रविवारी ओसंडतात आणि मंगळवारी सकाळी ओस पडलेली असतात, त्यांनाही माणसं हवीच असतात.

शिक्षक आणि होमस्कूलवाले यांनी एकमेकांना धरून राहावं हेही मला तिथेच कळलं. माझ्याकडे लॅब आहे, तराजू आहे, मायक्रोस्कोप आहेत, पण वेळ नाही, तास संपला की संपला. त्यांच्याकडे वेळच वेळ, एक प्रयोग दुपारभर चालू शकतो, पण तराजू नाही आणि मुलांना भांडायला दुसरी मुलं नाहीत. (प्रयोगात भांडण लागतं. "तुझं चुकलं" म्हणणारं कोणीतरी हवंच.)

घरबसल्या करण्यासारखंही बरंच आहे. नासाच्या पाठिंब्याने १९९५ पासून ग्लोब नावाचा कार्यक्रम चालतो, शंभराहून जास्त देशांत, त्यात मुलं ढग, तापमान, माती, पाणी यांच्या नोंदी ठरलेल्या पद्धतीने करून पाठवतात. ढगांची नोंद उपग्रह डोक्यावरून जायच्या वेळी केली तर तुमची नोंद आणि उपग्रहाने वरून काय पाहिलं ते शेजारी-शेजारी ठेवून मेल येतो. एरवी "निरीक्षण करा" म्हटलं की तोंड वाकडं करणारी माझी पोरं त्या मेलची वाट बघत बसायची. झूनिव्हर्स या वेबसाइटवर तर नुसते संशोधकांनी दिलेले फोटो बघून वर्गीकरण करायचं असतं, आणि हे पोरखेळ वाटत असेल तर ऐका, २००७ मध्ये त्यातला गॅलेक्सी झू हा दीर्घिकांच्या फोटोंचा प्रकल्प सुरू झाला त्याच वर्षी हॅनी व्हॅन आर्केल या डच शाळाशिक्षिकेला एका फोटोत कोणालाच न ओळखता येणारा विचित्र डाग दिसला, तो निघाला अवाढव्य चमकता वायूचा ढग, आणि आज त्याला तिच्याच नावाने ओळखतात. शाळेतल्या बाईंच्या नावाचं काहीतरी आकाशात आहे, मला हे सांगताना दरवेळी भारी वाटतं.

मायक्रोस्कोप नाही म्हणून अडणाऱ्यांसाठी फोल्डस्कोप. मनू प्रकाश आणि जिम सिबुल्स्की यांनी स्टॅनफर्डमध्ये बनवलेला, घडी घालून तयार होणारा कागदी मायक्रोस्कोप, १४० पट मोठं दिसतं. भिंग एकच, छोटंसं, सूक्ष्मजीव पहिल्यांदा बघणाऱ्या लेव्हेनहुकच्या मायक्रोस्कोपलाही एकच होतं. आता खरं सांगते, पहिल्यांदा काहीच दिसत नाही, स्वतःच्या पापण्या दिसतात. पंधरा मिनिटं चिडचिड होते. मग साचलेल्या पाण्याच्या थेंबात काहीतरी सुळकन जातं आणि मग तो कोणाच्या हातातून सुटत नाही.

सावलीचा प्रयोगही जरूर करा, पण माझ्यासारखा करू नका. एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये केला तोच, दक्षिणेकडच्या सायीन गावात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असताना अलेक्झांड्रियात सावली ७.२ अंशांची, म्हणजे वर्तुळाचा पन्नासावा भाग, म्हणून दोन गावांतल्या अंतराची पन्नास पट म्हणजे पृथ्वीचा घेर. आम्ही आणि बरंच लांब दक्षिणेला राहणारं एक होमस्कूल कुटुंब, एकाच दिवशी काठी उभी केली, फोनवर आरडाओरडा करत मोजलं, आणि पृथ्वी फारच लहान निघाली. एक तर मी घड्याळात बारा वाजता मोजलं, मोजायची असते सर्वात आखूड सावली, ती बाराला पडेलच असं नाही. दुसरं म्हणजे काठी किंचित कलली होती. दोन ठिकाणच्या कोनांत फरकच जेमतेम तीन अंशांचा असताना काठी एक अंश कलली म्हणजे उत्तर कुठल्या कुठे जातं! आता काठीशेजारी दोऱ्याला नट बांधून ओळंबा सोडतो आणि अर्धा तास आधीपासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करतो.

रेडिमेड किटबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. सगळे तुकडे मोजून दिलेले, जोडलं की चालतं, आणि दुसऱ्या दिवशी खोक्यात. त्यापेक्षा तोच दोरा आणि नट दाराच्या चौकटीला टांगा, लांबी एक मीटर ठेवली तर एक पूर्ण झोका साधारण दोन सेकंदांचा, पाव मीटर केली तर एका सेकंदाचा, आणि नट जड घेतला तरी फरक पडत नाही यावर कोणीही आधी विश्वास ठेवत नाही. दहा झोके मोजून दहाने भागा म्हणजे घड्याळ दाबण्यातली चूक दहा झोक्यांत विभागली जाते. फेट (PhET) या वेबसाइटवरची सिम्युलेशन्स, म्हणजे स्क्रीनवर करायचे प्रयोगही चांगले आहेत, मराठीतही आहेत, पण आधी दोरा, मग स्क्रीन. आणि एक ठणकावून सांगते, घरातली साफसफाईची द्रावणं "काय होतं बघू" म्हणून एकमेकांत कधीही मिसळायची नाहीत, ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो.

मेणबत्तीचं अजून थोडं राहिलंय. वर्कशॉप संपल्यावर त्या ताईंचा फोन आला. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाने विचारलं होतं, "हवा तापल्यामुळेच सगळं होतं ना, मग मेणबत्ती कशाला पाहिजे?" त्यांनी ग्लास गरम पाण्याने चांगला विसळला, तसाच बशीतल्या गार पाण्यात उपडा ठेवला आणि दोघं बघत बसले. मीही लगेच स्वयंपाकघरात जाऊन केलं, पाण्यात शाई टाकून, नीट दिसावं म्हणून. जाळलं काहीच नव्हतं, आणि निळं पाणी हळूहळू ग्लासात चढत होतं.