जॉन विदरस्पून यांच्या प्रिन्स्टनमध्ये एक दिवस: पायी फेरी आणि जाणाऱ्यांसाठी सूचना

भारतातून आलेल्या पाहुण्यांना घेऊन न्यू जर्सीतली बरीच मराठी कुटुंबं प्रिन्स्टनला जातात. विद्यापीठाच्या नॅसॉ हॉल या जुन्या इमारतीसमोर फोटो होतो आणि मंडळी आइस्क्रीमच्या दुकानाकडे वळतात. या इमारतीचा खरा इतिहास मात्र मागच्या भिंतीवर आहे, आणि तो समजायला विदरस्पून माहीत असावे लागतात.

जॉन विदरस्पून हे स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावचे प्रेस्बिटेरियन पाळक. कॉलेज ऑफ न्यू जर्सीचं, म्हणजे आजच्या प्रिन्स्टन विद्यापीठाचं, अध्यक्षपद त्यांनी आधी नाकारलं होतं, कारण पत्नी एलिझाबेथ यांना समुद्रप्रवासाची धास्ती होती. अखेर ऑगस्ट १७६८ मध्ये ते सहकुटुंब इथे पोहोचले. सोबत कॉलेजसाठी सुमारे ३०० पुस्तकं होती.

एडिसन किंवा मेट्रोपार्कहून एनजे ट्रान्झिटची नॉर्थईस्ट कॉरिडॉर गाडी पकडा. तिकीट काढताना ‘प्रिन्स्टन’ निवडा, ‘प्रिन्स्टन जंक्शन’ नव्हे. जंक्शनवर उतरल्यावर ‘डिंकी’ ही छोटी गाडी पाच मिनिटांत गावात सोडते, आणि प्रिन्स्टनच्या तिकिटात तिचं भाडं धरलेलं असतं. जंक्शनपर्यंतचंच तिकीट काढलं की पुढचं वेगळं काढायची धावपळ होते. डिंकीच्या वेळा आदल्या दिवशी पाहून ठेवा. ती चुकली तर थांबावं लागतं. स्वतःच्या मोटारीने येणार असाल तर स्प्रिंग स्ट्रीटचं पार्किंग गॅरेज सोयीचं. रस्त्यावरच्या मीटरला वेळेची मर्यादा असते आणि ही फेरी रमतगमत तीन-साडेतीन तासांची आहे.

स्टेशनवरून चढ आहे, नॅसॉ हॉलपर्यंत साधारण पंधरा मिनिटं धरा. ब्लेअर आर्चच्या पायऱ्या चढून आलात तर इमारतीच्या मागच्या बाजूला, कॅनन ग्रीन या हिरवळीवर पोहोचाल. तेच हवं आहे. दक्षिणेकडच्या भिंतीचा पश्चिम भाग सावकाश न्याहाळा: दगडात तोफगोळ्याची खूण आहे, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातल्या ३ जानेवारी १७७७ च्या लढाईची. वेलीच्या पानांत ती पटकन सापडत नाही, म्हणून दोन-चार पावलं मागे सरकून बघा.

या खुणेपाशी थोडं थांबावं. आदल्या नोव्हेंबरच्या अखेरीस विदरस्पून यांनी विद्यार्थ्यांना घरी पाठवून कॉलेज बंद केलं होतं. त्याआधी जुलै-ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला मान्यता देऊन त्यांनी सही केली होती. सही करणाऱ्यांत पाळकपदावर असलेले ते एकटेच. मग दोन्ही बाजूंच्या सैनिकांनी इमारत वापरली, लाकूडसामान जाळलं, ग्रंथालय उद्ध्वस्त झालं. १७७७ मध्येच ४ ऑक्टोबरला फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनच्या लढाईत विदरस्पून यांचा मुलगा जेम्स मारला गेला. विदरस्पून यांचं उरलेलं आयुष्य हे कॉलेज पुन्हा उभं करण्यात गेलं. देणग्यांसाठी १७८३-८४ मध्ये ते ब्रिटनलाही जाऊन आले, पण नुकतंच ज्यांच्याशी युद्ध झालं त्यांच्याकडून पैसा कुठला मिळणार! त्यांची थोरवी सहीपेक्षा या चिकाटीत जास्त दिसते.

समोरच्या बाजूला आलात की रस्त्याकडे तोंड करून डावीकडे पिवळं मॅक्लीन हाउस दिसेल. १७५६ सालचं हे अध्यक्षनिवास. विदरस्पून इथे राहत. पुढे ते टस्क्युलम या शेतावरच्या घरात गेले. ते चेरी हिल रोडवर आजही उभं आहे, पण खासगी आहे, तिकडे चक्कर नको. नॅसॉ हॉल कार्यालयीन इमारत असल्याने आतली फॅकल्टी रूम बघायला मिळेलच अशी खात्री धरू नका. पूर्वेकडे चॅपलजवळ २००१ मध्ये बसवलेला विदरस्पून यांचा पुतळा आहे. त्याची जुळी प्रतिकृती पेझ्लीत आहे.

फाटकातून बाहेर पडल्यावर समोरच विदरस्पून स्ट्रीट सुरू होतो. विगिन्स स्ट्रीटच्या कोपऱ्यावर दफनभूमी लागते, पण प्रवेश ग्रीनव्ह्यू अ‍ॅव्हेन्यूवरून आहे, त्यामुळे कोपऱ्यावर फाटक शोधत बसू नका. नकाशा फोनवर आधीच उतरवून घ्या. ‘प्रेसिडेंट्स रो’मध्ये, म्हणजे कॉलेजच्या अध्यक्षांच्या समाध्यांच्या रांगेत, विदरस्पून यांची लॅटिन लेखाची समाधी आहे, मृत्यू १५ नोव्हेंबर १७९४, अखेरची दोन वर्षं पूर्ण अंधत्वात. जवळच त्यांच्या हाताखाली शिकलेला, अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री हॅमिल्टन यांना द्वंद्वयुद्धात मारणारा एरन बर, याच कॉलेजचे अध्यक्ष राहिलेल्या वडिलांच्या पायाशी पुरलेला आहे. समाध्यांवर हात टेकू नका, जुना दगड झिजतो.

मुलांना इथे संपूर्ण गोष्ट सांगावी. विदरस्पून यांनी काही कृष्णवर्णीय तरुणांना स्वतः शिकवलं, आणि त्यांच्याच मालकीचे गुलामही होते.

कोल्हापूरकरांसाठी एक धागा. तिथे मिशनचं काम केलेले रॉयल वाइल्डर पुढे प्रिन्स्टनला राहिले. १८६३ मध्ये कोल्हापुरात जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट याच कॉलेजातून १८८६ मध्ये पदवीधर झाला.

परतण्याआधी विदरस्पून स्ट्रीटवर उत्तरेकडे आणखी थोडं चाला. रस्त्याचंच नाव घेतलेलं एक प्रेस्बिटेरियन चर्च लागेल, कृष्णवर्णीय मंडळीचं. गुलामगिरीत जन्मून तिथून पळालेले विल्यम ड्रू रोबसन इथे वीसेक वर्षं पाळक होते. गायक पॉल रोबसन हे त्यांचे पुत्र, जन्म १८९८, याच रस्त्यावरचा.