स्लीपरपासून चौकटीपर्यंत : आमची वाटचाल

बल्लारपूरच्या आमच्या वखारीत एक रेल्वे स्लीपर, म्हणजे रुळांखाली आडवी घालायची लाकडी तुळई, भिंतीला टेकवून जपून ठेवला आहे. 2.75 मीटर लांब, 25 सेंमी रुंद, 13 सेंमी जाड. ब्रॉडगेजच्या याच मापावर आजोबांनी धंदा उभा केला.

काझीपेट-बल्लारशाह (बल्लारपूरचं स्टेशन) मार्ग जोडला गेल्यावर दिल्ली-मद्रास गाड्या इथून धावू लागल्या होत्या, आणि आलापल्लीचं सागाचं रान हाताशी होतं. एक किलोमीटर रुळांना साधारण 1,500 स्लीपर लागतात, म्हणजे नुसतं कापलेलं लाकूडच 130 घनमीटरच्या वर. आजोबा लिलावात ओंडका घ्यायचे तो दोन्ही टोकं न्याहाळून. सागाचा गाभा टिकतो, बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला कीड धरते. माप बरोबर असूनही पांढरं जास्त दिसलं की ते स्वतःच तो नग बाजूला काढत.

बाबांच्या काळात हे सगळं फिरलं. 1980 चा वन संवर्धन कायदा आला, रुळांखाली काँक्रीटचे स्लीपर आले. पुलांवर आणि सांध्यांवर लाकूड राहिलं, पण तेवढ्यावर आरा चालत नाही. बाबा दारांच्या चौकटींकडे वळले.

आणि मग रुळांखालून निघालेले जुने स्लीपर लिलावात येऊ लागले! वरून काळे, भेगाळलेले. पण करवत आत शिरली की तोच चामड्यासारखा तेलकट वास. वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खाल्लेलं हे लाकूड आकसायचं तेवढं आकसून झालेलं असतं, म्हणून त्याची चौकट सहसा पिळत नाही. नव्या सागापेक्षा मला तेच जास्त आवडतं.

पहिल्याच खेपेत आमची चूक झाली. लाकडात मोडून राहिलेला खिळा कुणी पाहिला नाही. पट्टा करवतीचं पातं तुटलं आणि मिस्त्रींच्या दंडाला खोल जखम झाली. तपासणी न करता कापायला सांगितलं होतं ते मीच. ते दीड महिन्यांनी कामावर आले. त्या आधीच धातुशोधक यंत्र घेतलं होतं. आता प्रत्येक नग चारही बाजूंनी तपासून, खडी खरवडूनच आऱ्यावर चढतो. क्रिओसोट, म्हणजे लाकूड टिकावं म्हणून वापरलं जाणारं डांबरी तेल, पाजलेला स्लीपर तर घरकामासाठी आम्ही कापतच नाही, त्याचा वास आणि विषारीपणा दोन्ही टिकून राहतात.

खिळ्यांची भोकं सागाच्याच खुंट्या ठोकून बुजवतो, आणि चौकट पॉलिशला जाण्याआधी ती बुजवलेली भोकं गिऱ्हाइकाला दाखवतो.