मनातला खरा क्रम

सकाळपासून माझी ती डोलावलेली मान डोक्यातून जात नाहीये. डेकेअरला निघालो तेव्हा समोरच्या आजी पायऱ्यांवर मीठ टाकत होत्या, रात्री परत थोडा बर्फ पडला होता. पिल्लूला बघितल्यावर हातातलं सगळं ठेवून आल्या, त्याची टोपी कानांवर ओढली आणि म्हणाल्या, मग ऑगस्टपासून आमच्या शाळेत येणार ना हा? आणि मी मान डोलावली. तोंडाने काही बोलले नाही, पण त्यांनी हो असंच समजलं, आणि त्यांनी तसं समजावं म्हणूनच मी ती डोलावली. काल रात्रीच आम्ही शाळाप्रवेशाच्या लॉटरीच्या फॉर्ममध्ये ती शाळा दोन नंबरवर टाकलीये.

आजींची तिन्ही मुलं त्याच शाळेत शिकली. घरापासून चार मिनिटं, पिल्लूच्या पावलांनी आठ. एक नंबरवर टाकलेली चार्टर, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणारी शाळा, स्पॅनिश-इंग्लिश आहे, अर्धा दिवस ही भाषा, अर्धा दिवस ती, आणि तिथे जायला दोन बस, गर्दीच्या वेळी पाऊण तास. दोन वर्षं दहा महिन्यांच्या मुलाला पाऊण तास बसमध्ये. हे लिहिलं की माझं मलाच कसंतरी होतं.

नवऱ्याचं गणित पक्कं आहे आणि ते चुकीचं नाहीये हाच त्रास आहे. गल्लीतली शाळा केजीपासून आपल्या हक्काचीच, पत्ता दाखवला की त्यांना घ्यावंच लागतं. त्याआधीच्या पीके-थ्रीला आणि पीके-फोरला, म्हणजे तीन आणि चार वर्षांच्या मुलांच्या वर्गांना, मात्र तिथेही लॉटरीतूनच जायचं, आपण त्या हद्दीत राहतो म्हणून फक्त थोडं पुढे धरतात. चार्टरला हद्दच नाही, अख्ख्या वॉशिंग्टन डीसीतून अर्ज येतात, आधी भावंडांना घेतात आणि उरलेल्या जागा बाकीच्यांना. दोन भाषांच्या शाळेत मोठ्या वर्गात मध्येच घुसणं अवघड, म्हणजे दार आत्ताच उघडं आहे. म्हणून चार्टर वर, गल्ली खाली, नाही जमलं तर केजीला परत ये, काय बिघडलं? तो म्हणतो तू उगाच मनाला लावून घेतेस. असेल.

पण मला त्या फॉर्मचंच टेन्शन आलंय. बारा शाळा लिहायच्या, पसंतीच्या क्रमाने. वरच्या शाळेत नंबर लागला की खालच्या सगळ्या आपोआप गळतात, वरच्यांच्या वेटलिस्टवर मात्र नाव राहतं. मी दोन आठवडे काहीतरी युक्ती शोधत होते, की असं लिहिलं तर तसं होईल का, ऑफिसमधल्या दोघीतिघींना विचारलं, तर सगळ्यांचं एकच उत्तर, डोकं चालवू नकोस, मनातला खरा क्रम लिही. ही पद्धतच तशी बांधलीये, 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या अ‍ॅल्विन रॉथ यांच्या कामावर, खोटा क्रम लिहून कोणाचाच फायदा होत नाही. इतक्या मोठ्या माणसाने सगळ्यांच्या युक्त्या बंद करून टाकल्या आणि शेवटी माझ्यासमोर एवढाच प्रश्न ठेवला की बाई तुला खरंच काय हवंय. ते मला माहीत असतं तर अजून काय हवं होतं.

आणि मग आज ती मान.

दुपारी ऑफिसात नुसती बसून होते, खूप एकटं वाटत होतं. इथे कोणाला विचारायचं? आईला फोन केला तर ती म्हणाली, अगं शाळा जवळची बघ, पाऊस आला तर छत्री घेऊन पळत जाता येतं. मी गप्पच झाले. मला दुसरीतून काढून इंग्लिश मीडियमला कोणी घातलं होतं? नगरपालिकेची शाळा वाड्याच्या मागेच होती, मधल्या सुट्टीत आम्ही घरी येऊन पाणी पिऊन जायचो. नव्या शाळेला रिक्षा, रिक्षात अकरा जण, मी पुढे काकांच्या शेजारी अर्ध्या सीटवर. पहिल्या दिवशी वाड्यातली मैत्रीण नेहमीसारखी हाक मारायला दारात आली, पाटी-दप्तर घेऊन, आणि मी तोवर रिक्षात बसले होते. तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही नव्हतं सांगितलं. ती दारात होती आणि रिक्षा सुरू झाली. पुढे आम्ही बोलायचो, म्हणजे दिसलो की बोलायचो.

आईला हे आज विचारणार होते, नाही विचारलं. तिचे गुडघे दुखतायत.

तर आजींना मी का नाही सांगितलं? मला वाटतं मला त्यांच्या चेहऱ्याची भीती वाटली. आमच्यासारखी कितीतरी माणसं गेल्या काही वर्षांत आमच्या या पेटवर्थ भागात आली, घरांच्या किमती वर गेल्या, आजींच्या ओळखीची अर्धी घरं विकली गेली. आम्ही त्यांच्या गल्लीत घर घेतो, त्यांनी दिलेला केक खातो, झाडाखाली खुर्च्या टाकून त्यांच्याशी बोलत बसतो, आणि शाळेची वेळ आली की बस पकडून लांब जातो. शाळेला पैसे मुलांच्या संख्येवर मिळतात, म्हणजे आमचा एक पोरगा न जाणं हेसुद्धा तिथे मोजलं जातं. शहरातल्या सरकारी पैशावर शिकणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी आता चार्टरमध्ये आहेत, म्हणजे आम्ही काही जगावेगळं करत नाही, पण आजींसमोर उभं राहिल्यावर निम्म्यांचा आधार वाटत नाही.

आणि स्पॅनिशच हवं असेल तर तेही गल्लीत आहेच की. जॉर्जिया अ‍ॅव्हेन्यूवर पुपुसा, म्हणजे सारण भरलेल्या जाड भाकऱ्या, विकणाऱ्या मावशींना पिल्लू स्पॅनिशमध्ये थँक्यू, ग्रासियास, म्हणतो तेव्हा त्या त्याला एक पुपुसा जास्तीचा देतात.

मेंदूला चांगलं, पुढे नोकरीला चांगलं, हे सगळं मीही वाचलंय, पण त्यासाठी मी दोन बस बदलणार नाही. मग कशासाठी? हे संध्याकाळी भाजी चिरताना एकदम आठवलं. जानेवारीत त्या शाळेच्या ओपन हाऊसला गेलो होतो, टीचर मुलांना घेऊन जमिनीवर बसल्या होत्या, गाणं म्हणत होत्या, सगळं स्पॅनिशमध्ये, पिल्लू तोंड उघडं टाकून ऐकत होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "आई, टीचर पण घरचं बोलते."

त्याच्यासाठी दोनच भाषा आहेत, एक डेकेअरची आणि एक घरची. डेकेअरमध्ये घरचं कोणीच बोलत नाही. मागच्या महिन्यात मी त्याला न्यायला गेले आणि सगळ्यांसमोर "चल, जॅकेट घाल" म्हटलं तर त्याने हळूच माझा हात दाबला आणि इंग्लिशमध्ये उत्तर दिलं. तेव्हा मी हसले होते. रविवारच्या मराठी शाळेबद्दल आत्ता काही लिहीत नाही, तो वेगळा विषय आहे. पण त्या दिवशी पहिल्यांदा त्याला कळलं की शाळेत, टीचर असलेलं मोठं माणूससुद्धा मोठ्याने, सगळ्यांसमोर, दुसरं काहीतरी बोलू शकतं. ते मराठी नव्हतं हे त्याला कळलं नाही, आणि बसमध्ये बसल्यावर तो पूर्ण वेळ माझ्याशी मराठीत बोलला, खिडकीतून दिसेल ते सगळं, कुत्रा, ट्रक, लाल दिवा, त्याचा आवाज एवढा मोठा होता की पुढच्या बाईंनी वळून बघितलं.

मला ते हवंय. दोन बस बदलून हवंय. लिहून झाल्यावर दोनदा वाचलं, हेच खरं आहे.

नंबर लागेलच असं काही नाही, तिथे भावंडं सोडून जागा किती उरतात देव जाणे, आणि नाही लागला तर आठ मिनिटं चालत जाऊ, तेही मला मनापासून आवडेल. दोन्ही मला आवडतंय हे आज पहिल्यांदाच कबूल करतेय. फॉर्म उघडला, एक आणि दोन तसेच ठेवले, सबमिट केलं. मार्च लागायला पाच दिवस आहेत, शेवटच्या तारखेपर्यंत बदलता येतं, पण मी बदलणार नाही.

आजींना मात्र मार्चअखेर निकाल लागेपर्यंत थांबून सांगायचं नाही. नंबर लागला नाही तर सांगायची वेळच येणार नाही, हा विचार आत्ता मनात येऊन गेला, आणि तो आल्याबरोबर वाड्याचं दार डोळ्यासमोर आलं. उद्याच सांगायचं. उद्या कचऱ्याचा दिवस, त्या साडेसहालाच डबा ओढत बाहेर येतात. कसं सुरू करायचं ते जुळत नाहीये. त्यांचं मीठ संपत आलंय असं म्हणत होत्या, आपल्याकडे तळघरात अर्धी पिशवी पडलीये, ती घेऊन जाते.