भावी नगरसेवक

पुण्यात 'भावी नगरसेवक' ही एक पदवीच आहे. ती कुणी देत नाही. फ्लेक्सवर आपली आपण छापून घ्यायची असते. पांढराशुभ्र कडक शर्ट, कपाळाला टिळा, कानाला फोन आणि नजर लांब कुठेतरी, बहुधा पुढच्या चौकातल्या दुसऱ्या भावी नगरसेवकाच्या फ्लेक्सवर. खाली शुभेच्छुकांचे पासपोर्टएवढे फोटो. त्यातलाच एखादा चेहरा वर्षागणिक मोठा होत जातो आणि एक दिवस मध्यभागी येऊन हात जोडतो. आमच्या भागातलं राजकारण कळायला मला पेपर लागत नाही. कुणाचा फोटो वाढला आणि कुणाचा कोपऱ्यात गेला, एवढं बघितलं की पुरतं.

मोठे साहेब शहरात येणार असले की याच चेहऱ्यांच्या खाली 'स्वागतोत्सुक' येतं. याच शहराच्या नगरपालिकेत 1876 पासून काही वर्षं जोतीराव फुले सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन येणार म्हणून स्वागतावर खर्च करायचा घाट घातला गेला, तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. तो पैसा शिक्षणाकडे वळवा, असं त्यांचं म्हणणं होतं. अर्थात ते सरकारनियुक्त सदस्य होते, त्यांना कधी भावी व्हावं लागलं नाही.

मागच्या खेपेला भावी मंडळींची जी परवड झाली, ती वैऱ्याचीही होऊ नये. 2017 साली निवडून आलेल्या महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. मग ओबीसी आरक्षण, प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा असं करत करत मतदान उजाडलं ते थेट 15 जानेवारी 2026 ला. मधली जवळजवळ चार वर्षं कारभार प्रशासकाकडे, आणि शहरभर नुसते माजी आणि भावी. आजी कुणीच नाही! एवढा काळ भावी राहायचं म्हणजे खायचं काम नाही. गणपतीत मंडळांच्या वर्गण्या, दहीहंडीची बक्षिसं, दहावी-बारावीच्या पोरांचे सत्कार, दिवाळीत उटणं-सुगंधी तेलाची पिशवी, बायकांसाठी देवदर्शनाच्या बसगाड्या, संक्रांतीनंतर हळदीकुंकू. आमच्या स्वयंपाकघरात आजही एक डबा आहे, त्याच्या झाकणावरून एक भाऊ हात जोडून हसतात. डब्यात साबुदाणा असतो. दर एकादशीला त्यांची भेट होते.

आणि एवढं सगळं झाल्यावर निघते आरक्षणाची सोडत.

पुण्यात 165 जागा, त्यातल्या 83 महिलांच्या. सोडतीच्या दिवशी सभागृहात चिठ्ठ्या निघतात आणि बाहेर काळजं हलतात. ज्या जागेवर भाऊंनी चार वर्षं डबे वाटले, ती नेमकी महिला राखीव होते. दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवर वहिनी. फोटो घाईत काढलेला, लग्नातल्या साडीतला, चेहऱ्यावर 'हे काय आता नवीन' असा भाव. शेजारी भाऊ आहेतच, आकाराने जरा मोठेच. मी हे हसण्यावारी नेतो खरा, पण आमच्या प्रभागात अशीच नवऱ्याच्या जागी उभी राहिलेली एक बाई होती, ती बचत गट चालवून आलेली. प्रचारात नवरा माइक हातात घेऊन 'आम्ही' 'आम्ही' करत होता. तिने शांतपणे माइक काढून घेतला आणि टँकरचा हिशेब सांगायला लागली: कुठल्या गल्लीत किती येतात, कधी येतात, पैसे कोण भरतं. नवरा बाजूला उभा राहून पत्रकं मोजत बसला.

खरी अडचण वेगळीच आहे. उमेदवार ओळखीचा असावा, ही या निवडणुकीची सगळी गंमत. खासदार आपल्याला टीव्हीवर दिसतो, आमदार लग्नात दिसतो, नगरसेवक मात्र दुधाच्या दुकानात भेटायला हवा. पण पुण्यात दर वेळी गणित निराळं. 2002 ला तिघांचा प्रभाग, 2007 ला एकाचा वॉर्ड, 2012 ला दोघांचा, 2017 ला चौघांचा, आणि आताही चौघांचाच. एक प्रभाग तर पाचांचा. मुंबईकर सुखी, त्यांचा एक वॉर्ड आणि एक नगरसेवक. आमच्या एकेका प्रभागात सरासरी ऐंशी हजारांच्या वर वस्ती. मतदानाला गेलं की अ, ब, क, ड अशी चार बटणं दाबायची. चारही दाबल्याशिवाय मशीन काही 'बीप' करत नाही. एकच दाबून निघालेल्या आजोबांना अधिकारी परत बोलावतात, आणि आजोबा 'मी ओळखतो त्याला दिलं की' म्हणून वाद घालतात. मला आजोबांचं पटतं. चौघांतला एक ओळखीचा, एक ऐकून माहीत, उरलेले दोन नदीपलीकडचे. मग त्या दोघांना पॅनलच्या भरवशावर मत जातं, आणि पुढे रस्त्यावर खड्डा पडला की चौघंही एकमेकांकडे बोट दाखवायला मोकळे.

प्रचाराच्या दिवसांत मात्र चौघं एकत्र येतात. रिक्षावर भोंगा, 'ताई माई अक्का, विचार करा पक्का' आणि त्यापुढे चिन्हावर मारायचा शिक्का. मशीन येऊन किती वर्षं झाली, शिक्का काही जात नाही, यमकाला दुसरं काही जुळतच नाही. अपक्षांची चिन्हं मला जास्त आवडतात. कपबशी, शिट्टी, शिवणयंत्र. एखाद्या पक्षाच्या जाहीरनाम्यापेक्षा कपबशीचा उपयोग केव्हाही जास्त.

आमच्या सोसायटीत एक अपक्ष आले. तिकीट कापलं म्हणून बंडखोरी केलेले. मागे पंधरावीस कार्यकर्ते, पुढे हलगी. लिफ्टमध्ये सगळे मावेनात, म्हणून उमेदवार जिन्याने चढले आणि चौथ्या मजल्यावर काकूंच्या दारात धापा टाकत वाकले. काकूंनी आधी पाणी दिलं, मग चौकशी सुरू केली.

"कुठले रे तुम्ही?"

"इथलेच काकू. शाळेच्या मागे राहतो."

"ते झालं. मूळचे?"

मूळ गाव, तालुका, आडनाव, मामाचं घर असं सगळं तपासून झाल्यावर काकूंनी मुद्दा काढला. गेटसमोरच्या ड्रेनेजचं झाकण खचलेलं होतं. कुणाचा पाय जाऊ नये म्हणून वॉचमनने त्यात बाभळीची फांदी रोवून ठेवलेली. फांदीची पानं गळून गेली, झाकण तसंच. उमेदवारांनी तिथल्या तिथे फोन लावला, पलीकडच्याला 'साहेब' म्हणत म्हणत चांगलं झापलं, आणि काकूंना 'उद्या सकाळी' म्हणाले. दुसऱ्या दिवशी खरोखरच दोन माणसं घमेलं, सिमेंट आणि नवं झाकण घेऊन हजर. काकू गॅलरीतून देखरेख करत होत्या. मधेच त्यांनी चहासुद्धा पाठवला.

मतदानाच्या दिवशी त्या जिन्यात भेटल्या. बोटाला शाई, हातात मोडलेली पावती. मी म्हटलं, "काय काकू, झाकणवाल्यांना दिलं ना मत?"

"छे!" काकू म्हणाल्या. "निवडून आला की तो माझा फोन घेणार आहे का? पडला तर पाच वर्षं झक मारत येईल. मला अजून मागच्या बोळातला दिवा लावून घ्यायचाय त्याच्याकडून."