पाचव्या दिवसाचा एक तास

सोलापुरात बसून कसोटी क्रिकेटचा नाद जोपासायचा तर घड्याळाची बरीच मर्जी सांभाळावी लागते. सिडनीत पहिला चेंडू पडतो तेव्हा इथे पहाटेचे पाच वाजलेले असतात, इंग्लंडमधला खेळ दुपारी साडेतीनला सुरू होतो आणि वेस्ट इंडीजचा सामना रात्रीच्या जेवणाला सुरू होऊन मध्यरात्र ओलांडतो. त्यातून सामना पाच दिवसांचा. एवढी सवड कष्टकऱ्यांच्या या गावात कोणाला मिळणार? त्यामुळे इथला माणूस कसोटी सामना हातातले काम सुरू ठेवूनच पाहतो किंवा ऐकतो.

माझे लहानपण अशोक चौकाच्या बाजूला गेले. आमच्या घराला लागूनच यंत्रमागांचा कारखाना होता आणि मागांच्या खडखडाटात आत काम करणाऱ्यांना रेडिओ ऐकू येणे शक्यच नव्हते. दाराशी कांड्या भरत बसणारे एक वयस्कर काका मात्र ट्रान्झिस्टर कानाला लावून असत आणि गडी बाद झाला की हात उंच करून एकूण पडलेल्या गड्यांइतकी बोटे दाखवत. माग चालवणाऱ्यांपैकी कोणी घरी तेलुगू बोलणारा, कोणी कन्नड, कोणी मराठी. पण चार बोटे म्हणजे चौघे गेले, हे सगळ्यांना सारखेच कळे. धोटा थांबवून धावसंख्या विचारायला कोणी जात नसे. वीस षटकांच्या सामन्यात माणसे आधी धावा विचारतात, कसोटीत ‘पडले किती?’ हा पहिला प्रश्न असतो, आणि तो योग्यच आहे. कसोटीत वेळ आणि धावा भरपूर असतात. मोजके असतात ते दहा गडी, आणि सगळे संकट त्यांच्यावरच येत असते.

संकट हा शब्द मी शोभेसाठी वापरलेला नाही. गल्लीत टेनिस बॉलवर वाढलेल्या मुलाच्या अंगठ्यावर पार्क मैदानावर पहिल्यांदा सीझन बॉल बसतो, तेव्हा नख आधी लाल, मग निळे आणि शेवटी काळे पडते, आणि खालून नवे नख येईपर्यंत काही महिने ते तसेच मिरवावे लागते. हा झाला गावातल्या गोलंदाजाचा चेंडू. साधारण १६० ग्रॅम वजनाचा तोच कठीण चेंडू ताशी १४० किलोमीटर वेगाने आला, तर तो उसळेल की खाली राहील हे ठरवायला फलंदाजाला जेमतेम अर्धा सेकंद मिळतो. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोस संघाविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्यावर आदळला. तेव्हा हेल्मेट नव्हते. कवटीला इजा झाली, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली, आणि रक्त देण्यासाठी जे पुढे आले त्यांत वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता. कॉन्ट्रॅक्टर वाचला, पण त्याची कसोटी कारकीर्द तिथेच संपली.

त्या वेळी रक्त देणाऱ्यांत एक सोलापूरचा होता, म्हणजे निदान जन्माने तरी. भारतीय संघातले पॉली उम्रीगर यांचा जन्म २८ मार्च १९२६ रोजी सोलापुरात झाला. चादर, शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी यांच्याविषयी आम्ही सोलापूरकर पाहुण्यांना तासभर सांगू शकतो, पण त्या यादीत हे नाव क्वचितच येते, याचे मला राहून राहून नवल वाटते. कसोटीत नशीब कसे फिरते, हे दाखवायला एकाच माणसाचे उदाहरण द्यायचे झाले, तर मी उम्रीगरांचे देईन. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने आपला पहिलावहिला कसोटी विजय मिळवला, त्यात त्यांच्या नाबाद १३० धावा होत्या. चारच महिन्यांनी संघ इंग्लंडमध्ये पोहोचला. लीड्‌सला पदार्पण करणाऱ्या फ्रेड ट्रूमनने दुसऱ्या डावात भारताची अवस्था ४ बाद ० अशी केली. फलकावर धाव एकही नाही आणि चौघे तंबूत! त्या मालिकेत उम्रीगरांना सात डावांत मिळून ४३ धावा करता आल्या. ट्रूमन धावत येऊ लागला की ते लेगकडे, म्हणजे चेंडूच्या रेषेतून बाजूला, सरकत असत, असे पुढे कितीतरी वर्षे चघळले गेले. एखाद्याला भित्रा ठरवायला लोकांना एक मालिका पुरते.

त्यानंतर दहा वर्षांनी, कॉन्ट्रॅक्टर इस्पितळातून पुरते सावरलेही नव्हते अशा काळात, उम्रीगर पोर्ट ऑफ स्पेनच्या कसोटीत उतरले. वय ३६. समोर वेगवान गोलंदाज वेस हॉल होता, आपला कर्णधार कोणत्या अवस्थेत मैदानाबाहेर गेला हे डोळ्यांसमोर ताजे होते, आणि मालिका तर केव्हाच हातची गेलेली होती. या सामन्यात त्यांनी वेस्ट इंडीजचे पाच गडी बाद केले, पहिल्या डावात ५६ आणि फॉलोऑननंतरच्या, म्हणजे मोठ्या पिछाडीमुळे लगेच पुन्हा खेळाव्या लागलेल्या, दुसऱ्या डावात नाबाद १७२ धावा केल्या. सामना भारत तरीही हरला आणि मालिकेत ५-० असा पराभव झाला, म्हणून ही खेळी विजयगाथांत सापडत नाही. मला मात्र ती कोणत्याही विजयापेक्षा मोठी वाटते. वेगवान गोलंदाजीपुढे डगमगणारा असा शिक्का बसलेल्या माणसाने ती केली, आणि तीही त्या खेळाने सहकाऱ्याचा जीव घेण्याइतके भयानक रूप दाखवल्यावर. कसोटीतले धैर्य असे उशिरा येते आणि आले तरी विजय देईलच असे नाही.

लोक कसोटीला कंटाळवाणी म्हणतात ते पूर्णपणे खोटे नाही. तासन्‌तास काहीच घडत नाही, हे मान्य. पण पारडे फिरते ते बहुधा याच तासांत, आणि फिरल्याचे आपल्याला मागाहून कळते. १४ मार्च २००१ रोजी ईडन गार्डन्सवर नेमके काय घडले? व्ही. व्ही. एस. लक्ष्मण आणि राहुल द्रविड सकाळी ४ बाद २५४ वर खेळायला आले आणि संध्याकाळी ४ बाद ५८९ वर परत गेले. दाराशी कांड्या भरणारे काका तेव्हा असते, तर दिवसभर त्यांचा हात एकदाही वर गेला नसता. फॉलोऑन मिळालेला संघ, समोर सलग सोळा कसोटी जिंकलेला ऑस्ट्रेलिया, आणि एक अख्खा दिवस नुसता निभावून नेलेला. खरी पडझड त्यानंतरच्या, म्हणजे पाचव्या दिवशी झाली. चहापानाला ३ बाद १६१ असणारा ऑस्ट्रेलिया २१२ धावांत गारद झाला. अॅडम गिलख्रिस्टसारखा फलंदाज दोन्ही डावांत पहिल्याच चेंडूवर बाद झाला. फिरकीपटू हरभजन सिंगचे तेरा बळी सर्वांच्या लक्षात राहिले, आणि ते राहावेतच. पण तो चहापानानंतरचा गोंधळ चौथ्या दिवसाच्या निवांतपणाने आधीच रचून ठेवला होता, असे मी मानतो.

१९ डिसेंबर २०२० रोजी अॅडलेडला ३६ धावांत सर्वबाद झालेला भारत बरोबर एक महिन्याने, १९ जानेवारीला, ब्रिस्बेनला जिंकला, तेव्हाही तेच. तो सिद्धेश्वरांच्या यात्रेचा आठवडा होता, आणि करोनामुळे गड्ड्याची, म्हणजे यात्रेत भरणाऱ्या जत्रेची, गजबज नसल्याने पहाटेपासून सामना पाहायला निमित्तही शोधावे लागले नाही. ऋषभ पंतच्या नाबाद ८९ धावा आजही सगळ्यांना आठवतात. चेतेश्वर पुजाराने अंगावर चेंडू झेलत २११ चेंडूंत काढलेल्या ५६ धावांची आठवण काढणारा भेटला, की मी त्याला चहा पाजतो.

कसोटी चार दिवसांची करावी, असे अधूनमधून कोणीतरी सुचवतच असते. या मंडळींशी वाद घालायला मला आता जुने दाखले लागत नाहीत. ऑगस्ट २०२५ ची लंडनच्या ओव्हलवरची भारत-इंग्लंड कसोटी पुरते. ३७४ धावांचा पाठलाग करताना इंग्लंडच्या हॅरी ब्रूकचा झेल मोहम्मद सिराजने सीमारेषेजवळ टिपला खरा, पण तोल जाऊन त्याचा पाय दोरीवर पडला आणि ब्रूक वाचला. तेव्हा १९ वर असलेल्या ब्रूकने १११ केल्या. चौथ्या दिवशी अपुऱ्या प्रकाशाने आणि पावसाने खेळ थांबला तेव्हा इंग्लंड ६ बाद ३३९ वर होते आणि त्यांना फक्त ३५ धावा हव्या होत्या. सोमवारी दुपारी साडेतीनला खेळ सुरू झाला आणि तासाभरातच आटोपला. निखळलेल्या खांद्याचा हात स्वेटरखाली बांधून ख्रिस वोक्स अकराव्या क्रमांकावर आला, एका हातात बॅट घेऊन पलीकडच्या टोकाला धावला, पण त्याच्या वाट्याला एकही चेंडू आला नाही. शेवटचा गडी गस अॅटकिन्सन, त्रिफळा सिराजने उडवलेला, इंग्लंड ३६७, भारत सहा धावांनी विजयी, मालिका २-२. हाच सामना चार दिवसांचा असता, तर तो अनिर्णित सुटला असता, मालिका इंग्लंडने २-१ अशी घेतली असती, आणि ब्रूकचा झेल घेऊन दोरीवर पाय देणारा गोलंदाज, एवढीच ओळख घेऊन सिराज हैदराबादला परतला असता.