साडेचार पोरांचं मापटं

आईने माहेरच्या वाटणीत धान्य मोजायचं एक मापटं मागून घेतलं. पत्र्याचं, कडेला पोचा आलेलं. आजोबा गेल्यावर मामांनी हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घेतल्या, तेव्हा आईने मुकाट सही केली आणि म्हणाली, "तेवढं मापटं मला द्या." मामांनी ते ताबडतोब दिलं. लांज्याच्या बाजूची भाताची खाचरं, वरच्या अंगाची नाचणीची वरकस जमीन आणि आंब्याची कलमं सोडून मापटं मागणारी बहीण रोज कुठे भेटते? मला विचाराल तर व्यवहार बुडीतच होता. पण पुढे त्याच मापट्यावर तिची नोकरी चालली, त्यामुळे माझं मत मी घरात मोठ्याने मांडत नाही.

दशमान पद्धतीचा कायदा १९५६ सालचा. आजोबांच्या खळ्यावर तो बरीच वर्षं पोचला नव्हता. तिथे दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली होती, आणि मापट्याखाली चिपटं, कोळवं, निळवं अशी पिलावळ. झोडलेलं भात मोजायला बसले की आजोबा पहिल्या मापाला 'एक' म्हणत नसत, 'लाभ' म्हणत. मग दोन, तीन. मधे कोणी बोललं तर पुन्हा लाभापासून सुरुवात. आई त्यांच्या समोर बसून पायलीपायलीला एक खडा बाजूला टाकायची. तिचं गणिताचं शिक्षण बहुतेक तिथेच झालं, कारण शाळा जूनमध्ये उघडायची आणि कोकणात जूनमध्ये मुलींना शेतावर फार मागणी असते.

त्याआधीची कामं तर शिमग्यापासूनच सुरू. कवळ म्हणजे झाडांच्या पालेदार फांद्या तोडायच्या, शेण, पातेरा, गवत यांचे थर द्यायचे, वरून माती टाकायची आणि वारा बघून ते पेटवायचं, म्हणजेच राब भाजायचा. मृगात त्यावर बी टाकायचं, तीनेक आठवड्यांनी तरवा, म्हणजे वाढलेली रोपं, उपटून चिखळलेल्या खाचरात लावणी करायची. या सगळ्यात खरी कसोटी ताकदीची नसते, असं आई सांगते. किती बियाण्याचा तरवा किती शेताला पुरेल, हे आधी डोळ्यांनी ओळखावं लागतं. तो कमी पडला तर शेजाऱ्याच्या बांधावर जाऊन मागायचा, आणि आजोबांना ते कर्ज मागण्याहून वाईट वाटे. आपलं शेत किती गुंठे, हे आईला आजही सांगता येत नाही. "चार पायली पेऱ्याचं" म्हणते, आणि तलाठ्याने ते समजून घ्यावं अशी तिची अपेक्षा असते.

लग्न होऊन ती जयगडच्या खाडीकाठी आली. बाबा मुंबईला, गणपती आणि शिमग्याला येणारे. घरात आजी आणि आम्ही भावंडं. अशा घरातल्या आईबद्दल लिहायचं म्हणजे तिने पोरांच्या ताटात सगळं वाढून स्वतः पाणी पिऊन निजल्याचं लिहावं लागतं. माझी अडचण अशी की आमच्या घरी तसं काही घडलं नाही. आईचं ताट आमच्याबरोबर वाढलेलं असायचं आणि भाताचा ढीग आमच्यापेक्षा मोठा असायचा. आजी कधी कुरकुरली तर आई म्हणे, "नांगरणीच्या दिवशी बैलाला आधी घालतात." बांगड्याचं डोकं ती घेई ते त्यागापोटी नव्हे, तिला ते आवडतं म्हणून. तिचा जीव आमच्यात किती होता हे उपासावरून मोजायचं झालं, तर ती नापास होईल. पण दुपारी कोण शाळेतून भिजून आलाय आणि कोणाला आज भूक नाही म्हणजे काहीतरी झालंय, हे तिला टोपाकडे बघून कळायचं.

मी प्राथमिक शाळेत होतो तेव्हा शाळेतून तांदूळ घरी मिळायचा. १९९५ सालच्या १५ ऑगस्टला केंद्राने मुलांच्या पोषण आहाराची योजना सुरू केली. आमच्याकडे सुरुवातीची वर्षं ती कोऱ्या तांदळावरच चालली. ऐंशी टक्के हजेरी असेल तर महिन्याला तीन किलो. पिशवी घरात आली की आई आधी मापट्याने मोजायची आणि मग काही न बोलता पिशवीकडे बघायची. शाळेच्या काट्यावरचे तीन किलो आणि आमच्या ओटीवरचे तीन किलो यांचं नातं थोडं लांबचं होतं.

मग २००१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मुलांना शिजवलेलं अन्न द्या. पुढे आमच्या शाळेतही चूल पेटली आणि गुरुजी शिजवणारं माणूस शोधत घरोघर फिरले. आईने दोनच प्रश्न विचारले. लाकडं कोण देणार, आणि लावणीच्या दिवसांत सकाळी किती वाजता यायचं? पगार विचारला नाही, ते बरंच झालं. पगार नव्हताच, मानधन होतं. २००९ साली केंद्राने ते महिना १००० रुपये ठरवलं, तेही वर्षाच्या दहा महिन्यांचं. मे महिन्यात पोरांना सुट्टी, आईला सुट्टी, मानधनालाही सुट्टी.

पहिल्याच दिवशी ग्रॅम आडवे आले. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. गुरुजींनी कागद भिंतीला चिकटवला. आईने तो वाचला, घरी आली, मापटं पदराखाली घेऊन दुकानात गेली आणि मापटंभर तांदूळ काट्यावर ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी तिने गुरुजींना निकाल सांगितला, "साडेचार पोरांचं एक मापटं." अर्धं पोर कुठलं, असं गुरुजींनी विचारल्यावर म्हणाली, "पहिलीतलं."

यात गंमत आहे तशी तक्रारही आहे. कागदावर पहिलीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा सारखंच जेवतात. प्रत्यक्षात पहिलीतली चार घासांत पाण्याच्या तांब्याकडे बघते आणि पाचवीतला, त्यातून सकाळी बापाबरोबर होडीवर जाऊन आलेला असला, तर ताट चाटून परत रांगेत उभा राहतो. "सरकारला पट कळतो, पोट नाय कळत," आई म्हणे. म्हणून एकूण तांदूळ ती कागदाप्रमाणे घ्यायची आणि वाढताना डाव मात्र आपल्या मर्जीने फिरवायची. रजिस्टरात हे कुठे लिहायचं, असा रकाना अजून निघालेला नाही.

रजिस्टरं मात्र पुष्कळ. पोरांना वाढण्याआधी शिक्षकांनी अन्न चाखून सही करायची, तेही एक चव रजिस्टर. गुरुजी रोज 'चांगली' लिहीत. एकदा मीठ विसरलं होतं तेव्हाही 'चांगली'च लिहिलं, आणि त्यानंतर आईचा त्या वहीवरचा विश्वास उडाला. ती बालवाडीतल्या एका शेंबड्या पोराला बोलावून चाखवू लागली. तो तोंड वाकडं करायचा किंवा नाही करायचा. तेवढं पुरे.

भाजीचा प्रश्न तिने माहेरच्या पद्धतीने सोडवला. हात धुवायच्या नळाचं पाणी वाया जात होतं, तिथे आळी करून भोपळा आणि पडवळ लावलं, कुंपणाला शेवगा. वर्गातली दांडगी पोरं तिच्या हाताखाली खणायला. परसबागेवर अधिकारी खूश झाले, फोटो काढले. फोटोत गुरुजी, पोरं आणि भोपळा आहे. आमटीत मसाल्याची पुडी सरकारी पडायची, आमसुलं मात्र घरची.

आता पट अकरावर आलाय. वाडीतली निम्मी घरं कुलपात, पोरं विरार-नालासोपाऱ्याला. पंचवीसपर्यंतच्या पटाला एकच स्वयंपाकीण, म्हणून बरोबरची काकी गेली आणि आई राहिली. लोकांना वाटतं काम हलकं झालं. आई म्हणते, पन्नास जणांचा भात कोणीही करील, त्या टोपात अकरा जणांचा करून दाखवा. पाणी नुसतं तळाशी पसरतं, वाफ कोंडत नाही, भात खाली करपतो आणि वर बोटचेपा राहतो. लहान टोपासाठी तिने अर्ज दिला. अर्ज तालुक्याला गेला आणि तिथेच राहिला, तेव्हा तिने घरातला पितळी टोप कल्हई करून आणला. लग्नात थोरल्या मामांनी दिलेला, नाव घातलेला.

गुरुजी हल्ली नवीन आलेत, तरुण आणि नियमाचे पक्के. शाळेत आलेली वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या मालकीच्या वस्तूंच्या वहीत, लावावी म्हणून त्यांनी वही उघडली. आईने टोप पालथा करून नावाची ओळ त्यांच्यासमोर धरली आणि म्हणाली, "हे वाचा गुरुजी. एकदा सही करून सगळं सोडलंय मी, हा नाय सोडायचा. सरकारने आत तांदूळ घालावा."