दूध आटलं?

“आटलं वाटतं गं तुझं दूध,” डबा खाता खाता ऑफिसातल्या एक ताई नव्या आईला सहज बोलून गेल्या.

सहज कसलं! दूध कमी निघालं, तर आधी दूध काढायच्या पंपाचा व्हॉल्व्ह बघा. बदकाच्या चोचीसारखा तो सिलिकॉनचा तुकडा. न दाबताही त्याची चीर उघडी दिसली, तर पंपाची दूध ओढायची ताकद गेली समजा. रोजच्या वापरात तो एक-दोन महिन्यांत सैलावतो. मोटरचा आवाज तोच राहतो, त्यामुळे कळत नाही. स्तनावर बसवायचं फनेलही बहुधा 24 मिमीचं येतं. सगळ्यांना बसत नाही.

काढलेलं दूध 25 अंशांपर्यंत चार तास टिकतं. मेमधल्या लोकलमध्ये बर्फाची पिशवी हवीच.

बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत कायद्याने कामाच्या दिवसात दोन जादा मधल्या सुट्या मिळतात. पण दूध काढायला बसायचं कुठे, टॉयलेटमध्ये?